पालखीच्या यादीचा बॅकअप

रविवारी सकाळी साडेनऊला चंद्रप्रकाश मांडवकरांचा कॉम्प्युटर टक् असा वाजला. थोडं थांबून टक् टक्. मग खर्र करून त्याने घसा साफ केला आणि पुन्हा टक्.

चंद्रप्रकाशांनी चहाचा कप खाली ठेवला. "अनुपमा, पाल चुकचुकतेय का गं?"

"पाल अशी दमेकऱ्यासारखी खोकत नाही," त्यांची बायको स्वयंपाकघरातूनच म्हणाली. "तुमच्या त्या डब्यातून येतंय."

त्यांची मुलगी श्रुतिका अकरावीला होती, सायन्सला, आणि कॉम्प्युटरच्या बाबतीत घरात तिचा शब्द शेवटचा होता. ती टेबलाखाली शिरली, डब्याला कान लावला, डोळे मिटले आणि अर्ध्या मिनिटाने बाहेर येऊन म्हणाली, "हार्ड डिस्क मरतेय, पप्पा."

चंद्रप्रकाश हळूच खुर्चीत बसले. "किती दिवस आहेत तिच्याकडे?"

त्यांनी असं का विचारलं हे कळायला त्या डिस्कमध्ये काय होतं ते कळलं पाहिजे.

चंद्रप्रकाश हे आंबेखोल ग्रामस्थ मंडळ, मुंबई या संस्थेचे चिटणीस. आंबेखोल हे कोकणातलं त्र्याहत्तर घरांचं गाव. त्यातल्या बहुतेक घरांची माणसं मुंबईत, घाटकोपर ते मुलुंड अशी पसरलेली, आणि शिमग्याला झाडून सगळी गावात. होळीच्या दुसऱ्या दिवसापासून पाच दिवस ग्रामदेवीची पालखी घरोघर फिरते, आणि कुणाच्या घरी आधी जायची यावरून आंबेखोलच्या चार वाड्या गेली कित्येक वर्षं भांडत होत्या. गेल्या वर्षी तर पालखी सडेवाडी आणि खालचीवाडी यांच्या मधल्या वाटेवर सव्वादोन तास उभी राहिली. भोई दमले, ढोलवाले जेवून आले, तरी निकाल लागेना. शेवटी गावातले जुने मानकरी म्हणाले, "पुढच्या शिमग्याला सगळ्यांनी मिळून एक यादी आणा. नायतर देवी देवळातच बसेल."

मग मुंबईत आठ सभा झाल्या. कुणाचा आजा पालखीपुढे मशाल धरायचा, कुणाच्या पणज्याने देवळाला घंटा दिली, हे सगळं निघालं आणि एकेक घर करत त्र्याहत्तर घरांचा क्रम ठरला. तो कुणालाच पूर्ण पसंत नव्हता, म्हणून सगळ्यांनी मान्य केला. आणि मग ठराव क्रमांक चार मंजूर झाला. यादीची एकच प्रत राहील. ती चिटणिसांच्या कॉम्प्युटरमध्ये राहील. कुणालाही प्रिंट, फोटो किंवा दुसरी प्रत मिळणार नाही. होळीच्या आधीच्या रविवारी ती सर्वांसमक्ष उघडली जाईल. पूर्वी चार झेरॉक्स फिरल्या होत्या आणि चारही वेगवेगळ्या निघाल्या होत्या, म्हणून ही खबरदारी.

म्हणजे आंबेखोलकरांनी एकमताने, सूचक-अनुमोदकासह, बॅकअप घ्यायला बंदी घातली होती.

खालच्या गल्लीत कॉम्प्युटर दुरुस्त करणारा अल्पेश दहाला आला. त्याने डबा उघडला आणि आत टॉर्च मारला.

"काका, किती साल झाले?"

"श्रुतिका बालवाडीत होती तेव्हा घेतला."

"बस, मग त्याने आपली ड्युटी केली." अल्पेशने डब्यावर हात फिरवला. "हे बघा. आत्ता बंद केला तर परत चालू होईल याची गॅरंटी नाय. चालू ठेवला तर कधी बंद पडेल याची पण गॅरंटी नाय. जे काय इम्पॉर्टन्ट हाय ते आत्ताच्या आत्ता काढून घ्या."

श्रुतिकाच्या हातात पेनड्राइव्ह तयारच होता. तिने तो खोचायला हात पुढे केला आणि चंद्रप्रकाशांनी तो वरच्या वर धरला.

"काय करतेयस?"

"कॉपी करतेय. यादीची फाईल एवढीशी आहे, पप्पा. एका फोटोपेक्षा लहान. दोन मिनिटांत होईल."

"ठराव क्रमांक चार."

"अहो पप्पा, पण डिस्क मरतेय!"

"डिस्क मेली तर तो अपघात. कॉपी केली तर तो गुन्हा. मी चिटणीस आहे, श्रुतिका. मला लोकांनी का निवडलं? माझं घर ना वरच्यावाडीचं, ना खालच्यावाडीचं. ओढ्याच्या, त्या पऱ्याच्या पलीकडे एकटं. मी कुणाचाच नाही, म्हणून मी सगळ्यांचा."

अल्पेशने श्रुतिकाकडे बघितलं. "बेन, तुमच्या पप्पांना पण एकदा रिस्टार्ट मारा."

श्रुतिकाने मग ज्याच्यावर ठराव नव्हता ते सगळं काढून घेतलं. अकरा हजार फोटो, आत्याच्या लग्नाचा व्हिडिओ, स्वतःची आठवीपासूनची प्रोजेक्ट्स, आईच्या मसाल्यांची प्रमाणं, एवढंच काय, दोन हजार बारा सालचा गॅसचा अर्जसुद्धा. कॉम्प्युटर आधी म्हणाला तीन दिवस लागतील, मग म्हणाला चार मिनिटं, मग एकोणीस तास. संध्याकाळपर्यंत सगळं निघालं. डिस्कमध्ये एकच फाईल अशी उरली जिची दुसरी प्रत जगात कुठेच नव्हती.

परवानगीसाठी तातडीची सभा बोलवायला हवी होती, आणि मंडळाच्या नियमाप्रमाणे तातडीच्या सभेलाही तीन दिवसांची नोटीस लागते. नोटिशीचा नमुना कॉम्प्युटरमध्ये होता. तो उघडताना कॉम्प्युटर असा काही खर्र करून थांबला की तिघांनीही श्वास रोखला. सव्वा मिनिटाने नमुना उघडला. चंद्रप्रकाशांनी तारीख बदलली, 'विषय : यादीची प्रकृती' असं टाइप केलं आणि कपाळावरचा घाम पुसला.

सभा बुधवारी. तोवर कॉम्प्युटर चालू ठेवायचा होता. मांडवकरांच्या दीड खोलीत मग दवाखान्यातल्या अतिदक्षता विभागासारखी शांतता पसरली. टेबलफॅन माणसांकडून काढून डब्याकडे वळवला. टेबल हलू नये म्हणून कुणी पाय आपटत चालायचं नाही. मिक्सर बंद, कारण त्याने ओटा थरथरतो आणि ओट्यामागच्या भिंतीला टेबल टेकलेलं. अनुपमा तीन दिवस नारळाचं वाटण करायला शेजारच्या सपनाकडे जात होती.

"कोण आजारी आहे का तुमच्याकडे?" सपनाने शेवटी विचारलं.

"आहे," अनुपमा म्हणाली. "आमच्याकडे पालखीची यादी आजारी आहे."

बुधवारी संध्याकाळी सातला चार वाड्यांचे चार प्रतिनिधी आले आणि कॉम्प्युटरभोवती अर्धवर्तुळात बसले. अध्यक्ष हरेश्वरकाका वरच्यावाडीचे, बँकेतून निवृत्त, प्रत्येक वाक्याआधी चष्मा काढणारे. खालच्यावाडीचा सुबोध रिक्षा चालवायचा आणि वाद घालायला कधीही गाडी बाजूला घ्यायचा. गुरववाडीच्या मंजुळाकाकी असल्फ्यात पोळीभाजी केंद्र चालवायच्या. आणि सडेवाडीचे श्यामसुंदरभाऊ क्वचितच बोलायचे, पण बोलले की सभा लांबायची.

डिस्कने सगळ्यांच्या देखत टक् टक् केलं. मंजुळाकाकींनी पदर सावरून हात जोडले. "बाय माझे, काय ह्या! कोप तर नाय झालो?"

"काकी, देवीचा काही संबंध नाही," श्रुतिका म्हणाली. "आत एक चकती फिरते आणि एक काटा तिच्यावर वाचत असतो. तो काटा आता म्हातारा झालाय. पुन्हा पुन्हा तीच ओळ वाचतो."

"आमचे अध्यक्षपण तेच करतात," सुबोध म्हणाला.

हरेश्वरकाकांनी चष्मा काढला. "मूळ मुद्दा असा की प्रत करायची की नाही. आणि केली तर ठेवायची कुणाकडे."

"गुगलवर ठेवूया," श्रुतिकाने सुचवलं. "एकदम सेफ. आपण चौघांनाही..."

"अजिबात नाय," सुबोधने हात वर केला. "परवा मी फोनवर एकदा, फक्त एकदा, चपला बघितल्या. आठ दिवस जिथंतिथं चपलाच दिसायच्या. उद्या आमची पालखी अख्ख्या मुंबईला दिसायला लागली म्हणजे?"

यावर पंचवीस मिनिटं गेली. डिस्क तेवढ्या वेळात एकवीस वेळा वाजली. श्रुतिका मोजत होती. ठराव क्रमांक पाच असा मंजूर झाला की ठराव चार कायम ठेवून त्याला अपवाद करावा. चार पेनड्राइव्ह, चार प्रती, प्रत्येक वाडीला एक. पेनड्राइव्ह लगेच पाकिटात, पाकिटाच्या तोंडावर चौघांच्या सह्या, वर पारदर्शक चिकटपट्टी. उघडणं येत्या रविवारी, सर्वांसमक्ष.

"आणि एक प्रत पप्पांना," श्रुतिका म्हणाली.

"चिटणिसांना कशाला?" श्यामसुंदरभाऊ पहिल्यांदाच बोलले. "त्यांच्याकडं मूळ हाय."

श्रुतिकाने चार पेनड्राइव्ह टेबलावर ओळीने मांडले.

फाईल एवढीशी होती, पण म्हातारा काटा तिच्यावर अडखळत होता. पहिली प्रत अकरा मिनिटांनी झाली. दुसरी सतरा. तिसऱ्या वेळी पडदा गोठला आणि मंजुळाकाकींनी नारळ बोलला. चौथी प्रत पूर्ण झाल्याची खूण आली, श्रुतिकाने पेनड्राइव्ह काढला, हरेश्वरकाकांनी शेवटची सही केली, आणि त्याच क्षणी डब्यातून एक लांब, थकलेला किर्र असा आवाज आला आणि थांबला. पडदा निळा झाला. मग काळा.

सगळे उभे राहिले. का, ते कुणालाच सांगता आलं नसतं, पण उभे राहिले.

गुरुवारी अल्पेशने डिस्क कानाशी धरून हलवली. "काका, आतली चकती घासली गेली. आता यातून देव पण काय नाय काढू शकणार." तो निघून गेल्यावर श्रुतिका क्लासला गेली, आणि अनुपमाला स्वयंपाकघरातून दिसलं की आपला नवरा बंद पडद्यासमोर बसलाय आणि त्याच्या चेहऱ्यावर मयताला गेलेल्या माणसाचा नव्हे, तर ज्याला त्या मयताबद्दल पोलीस शोधत आहेत अशा माणसाचा भाव आहे.

"काय झालं हो? यादी तर वाचली ना? चार ठिकाणी आहे."

"तेच झालं."

"काय तेच?"

चंद्रप्रकाश बराच वेळ टेबलावरची धूळ बोटाने गोळा करत राहिले. "अनुपमा, आपलं घर यादीत त्र्याहत्तरावं आहे. एकटं, पऱ्याच्या पलीकडे. पालखी पाचव्या दिवशी येते."

"ते काय मला माहीत नाही? वीस वर्षं मी एकटीच ओवाळते तिला. तुम्ही तिसऱ्या रात्रीच्या गाडीने परत."

चंद्रप्रकाश पवईच्या एका कंपनीत स्टोअरकीपर होते. शिमगा मार्चमध्ये, आणि मार्चअखेरीला मालाची मोजणी. तीन दिवसांपलीकडे रजा त्यांना कधीही मिळालेली नव्हती. वीस वर्षांत देवी त्यांच्या अंगणात वीसदा आली आणि एकदाही ते दारात नव्हते.

"आठव्या सभेनंतर कच्च्या यादीवरून मी पक्की टाइप केली," ते म्हणाले. "कच्ची मग सगळ्यांसमोर फाडली. टाइप करताना मला वाटलं, नुसतं बघूया, आपलं घर वर घेतलं तर कसं दिसतं. बाराव्या नंबरवर ठेवून बघितलं. पहिल्या दिवशी संध्याकाळी."

"आणि?"

"छान दिसत होतं गं. म्हटलं, राहू दे जरा वेळ. रविवारच्या आत परत खाली नेऊ. रोज रात्री वाटायचं, उद्या नेऊ."

"बाई गं!" अनुपमा मटकन खाली बसली. "अहो, पण सभेत कुणाला दिसलं नाही?"

"पडद्यावर दाखवली होती की सगळ्यांना एकदा. यादीत माणूस दोनच घरं शोधतो. आपलं आणि शेजाऱ्याचं. आपल्या घराला शेजारी नाही."

दोघंही काळ्या पडद्याकडे बघत राहिली. आतली मूळ यादी, जी दुरुस्त करता आली असती, ती गेली होती. उरली होती ती चूक. चार प्रतींत, चार पाकिटांत, सीलबंद, अध्यक्षांच्या सहीनिशी. चंद्रप्रकाशांनी आयुष्यात केलेल्या एकुलत्या एका लबाडीचा अत्यंत काटेकोर बॅकअप घेतला गेला होता.

"पण पालखी खरंच पहिल्या दिवशी आली," अनुपमा हळूच म्हणाली, "तर तुम्ही असाल ना दारात?"

"असं बोलू नकोस," चंद्रप्रकाश म्हणाले. "मी तेच न बोलण्याचा प्रयत्न करतोय."

रविवारी महापालिकेच्या शाळेतल्या तिसरी 'ब'च्या वर्गात सभा भरली. साठेक आंबेखोलकर लहान मुलांच्या बाकांवर गुडघे छातीशी घेऊन बसले होते. श्रुतिकाने मैत्रिणीचा लॅपटॉप आणला होता आणि ती फळ्यासमोरच्या टेबलाशी अशी उभी होती की जणू वर्ग तिचाच आहे. चंद्रप्रकाश इतिवृत्ताची वही घेऊन कोपऱ्यात बसले. त्यांनी तीन रात्री झोप घेतली नव्हती.

हरेश्वरकाकांनी चष्मा काढून पहिलं पाकीट पुढे केलं. त्याच्या तोंडावर चिकटपट्टीचे दोन थर होते.

"काका, आपण एकच पट्टी लावली होती ना?" श्रुतिकाने विचारलं.

"दमट हवा," हरेश्वरकाका म्हणाले. "एक सुटायला लागली, म्हणून खबरदारी घेतली."

पहिली प्रत उघडली. वरच्यावाडीची अठरा घरं, ओळीने, पहिल्या अठरा नंबरांवर.

वर्गात एकदम गलका झाला. "ह्या काय? आम्ही कधी मान्य केलेला?" "अध्यक्ष हायत म्हणून काय पण?" सुबोध बाकावरून उठायला गेला, बाक त्याच्याबरोबर उठला. "माझी उघडा! माझी खरी हाय!"

त्याची उघडली. खालच्यावाडीची एकवीस घरं सर्वांत वर.

"हे..." सुबोध बाकासकट खाली बसला. "पेनड्राइव्हमधी व्हायरस असतात ना, तसलं कायतरी असेल."

मंजुळाकाकींच्या पाकिटाला हळदीचं बोट लागलेलं होतं आणि त्यांच्या प्रतीत गुरववाडी पहिली होती. "मी उघडलाच नाय," काकी म्हणाल्या. "माझ्या भाच्यान उघडल्यान. त्याका मी बोललय, नुसता बघ." श्यामसुंदरभाऊंनी आपलं पाकीट स्वतःच फाडून ठेवलं आणि लॅपटॉपमध्ये सडेवाडी पहिली दिसेपर्यंत छताकडे बघत राहिले.

चार प्रती, चार याद्या, आणि मूळ डिस्क अल्पेशच्या दुकानात मातीला मिळालेली. गलका हळूहळू ओसरला, कारण सगळ्यांच्या एकाच वेळी लक्षात आलं की आता ओरडण्यासारखं काही उरलेलं नाही. यादी नाही, म्हणजे पालखी नाही. मागच्या बाकावर कुणीतरी म्हातारी डोळ्यांना पदर लावून म्हणाली, "ह्या शिमग्याक देवी देवळातच बसतली तर." हरेश्वरकाकांनी चष्मा घातला आणि परत काढायला विसरले.

चंद्रप्रकाशांच्या मनात त्या क्षणी काय आलं ते सांगितलं पाहिजे. त्यांना वाईट वाटलं. पण त्या वाइटाच्या खाली, अगदी तळाला, सुटल्यासारखंही वाटलं. चारही प्रती रद्द, म्हणजे आपली चूकही रद्द. त्यांनी वहीचं पान उलटलं.

"एक मिनिट," श्रुतिका म्हणाली.

तिने खडू उचलला. "काका, तुम्ही वरच्यावाडीची घरं वर नेलीत. बाकीच्यांना हात लावलात?"

"मला बाकीच्यांशी काय करायचंय?" हरेश्वरकाका दुखावून म्हणाले.

"सुबोधकाका, तुम्ही?"

"आपलं आपण उचललं. दुसऱ्याच्या घरात आपण घुसत नाय."

"काकी?"

"माका येळ खय होतो बाकीचा बघूक?"

"मग झालं की!" श्रुतिका जवळजवळ उडीच मारणार होती. तिने फळ्यावर चार उभे रकाने आखले. "हे बघा. प्रत्येक जण फक्त स्वतःबद्दल खोटं बोललाय. दुसऱ्यांबद्दल प्रत्येकाने खरंच सांगितलंय. म्हणजे प्रत्येक प्रतीतून त्या त्या वाडीची घरं खोडायची. उरलेली सगळी मूळ क्रमाने आहेत. आता कुठलीही दोन घरं घ्या. दोन्ही मिळून फार तर दोन वाड्यांची असतील. राहिलेल्या दोन वाड्यांच्या प्रती सांगतील त्यातलं आधीचं कुठलं. आणि त्या दोघांना खोटं बोलायचं काहीच कारण नाही."

श्यामसुंदरभाऊ हळूहळू म्हणाले, "म्हणजे माझं घर कुठं हाय ते सुबोध सांगणार?"

"हो. आणि त्यांचं तुम्ही."

"ही तर लई वाईट पद्धत हाय," सुबोध म्हणाला. पण चूक कुठे ते त्याला दाखवता येईना.

काम दीड तास चाललं. श्रुतिका नाव वाचायची, दोन वाड्या साक्ष द्यायच्या, उरलेल्या दोन दात ओठ खात ऐकायच्या. आयुष्यभर एकमेकांच्या उण्यावर टपलेली माणसं एकमेकांच्या वतीने खरं बोलत होती, दुसरा इलाजच नव्हता. फळ्यावर यादी उभी राहत गेली. पाच, सहा, सात. अकरा. चंद्रप्रकाशांच्या हातातलं पेन थांबलं.

"बारा," श्रुतिका म्हणाली आणि क्षणभर अडखळली. मग तिने चारही प्रती तपासल्या आणि तिचा चेहरा उजळला. "हे एकच घर असं आहे की ज्याला कुणीच हात लावलेला नाही! वाड्यांची घरं खोडली की चारही प्रती त्याची एकच जागा सांगतात. शंभर टक्के पक्कं. चंद्रप्रकाश मांडवकर, पऱ्यापलीकडे!" आणि तिने ते नाव इतरांपेक्षा थोडं मोठ्या अक्षरात लिहिलं.

अनुपमाने मांडीवरची पिशवी घट्ट धरली.

यादी पूर्ण झाली. त्र्याहत्तर घरं. हरेश्वरकाकांनी ती वरपासून खालपर्यंत वाचली, आणि नवल म्हणजे प्रत्येकाला ती ओळखीची वाटली. हीच ती, आठ सभांची, सगळ्यांवर सारखा अन्याय करणारी. टाळ्या पडल्या. मंजुळाकाकींनी श्रुतिकाची दृष्ट काढली.

तेवढ्यात कोपऱ्यात चंद्रप्रकाश उभे राहिले.

त्यांना हे करायचं नव्हतं. गप्प बसले असते तर जगात कुणालाही काहीही कळलं नसतं, आणि वीस वर्षांत पहिल्यांदा ते आपल्या दारात, हातात आरतीचं ताट घेऊन, देवीची वाट बघत उभे राहिले असते. पण समोर फळ्यावर आपल्या मुलीचं अक्षर होतं.

"अध्यक्ष महाराज, बारावा नंबर चुकीचा आहे," ते म्हणाले. "माझं घर त्र्याहत्तरावं. टाइप करताना मीच वर घेतलं. मूळ यादीतच."

श्रुतिकाच्या हातातला खडू तुटला. बाहेर मैदानावर क्रिकेट चालू होतं, तिथला आरडाओरडा तेवढा ऐकू येत होता.

मग श्यामसुंदरभाऊंनी घसा खाकरला. "चिटणीस, ह्याला पुरावा काय?"

"पुरावा कशाला? मी स्वतः सांगतोय!"

"स्वतःबद्दल सांगताय ना? आत्ताच तुमच्या पोरीनं सिद्ध केलं, स्वतःबद्दल माणसाचं ऐकायचं नाय. दुसऱ्यांचं ऐकायचं. चार वाड्या एकमुखानं सांगतायत, तुम्ही बारावे."

"अहो, पण चारही प्रती माझ्याच चुकीवरून झाल्यात!"

"आता आठवतंय, कच्च्या यादीत पण बारावेच होते," सुबोध म्हणाला. कच्च्या यादीत काय होतं ते त्याला अजिबात आठवत नव्हतं.

हरेश्वरकाकांनी चष्मा काढला. "चंद्रप्रकाश, नीट ऐका. मूळ यादीत चूक होती असं सभेने मानलं, तर मूळ यादी गेली. ती गेली तर फळा गेला. फळा गेला तर पालखी गेली. तुमच्या एका खरेपणापायी अख्खं गाव देवीला देवळात बसवायचं का?"

"पण मग मी काय करू?"

"बस मेल्या खाली!" मंजुळाकाकी मागून ओरडल्या. मग त्या अनुपमाच्या कानाशी वाकल्या. "मी शुक्रवारीच बघितलेला गो. बारावा नंबर. पण सांगतलय कसा? पाकीट उघडल्याचा कळला असता. माका वाटता, चौघांनीपण बघितल्यानी."

अनुपमाने बाकीच्या तिघांकडे बघितलं. तिघेही अत्यंत लक्षपूर्वक छताचा पंखा बघत होते.

फळ्यावरची यादी जशीच्या तशी मान्य करणारा ठराव क्रमांक सहा सर्वानुमते मंजूर झाला. विरोधात एक मत पडलं होतं, पण ते चिटणिसांचं स्वतःच्याच घराबद्दलचं असल्यामुळे धरण्यात आलं नाही. चंद्रप्रकाश खाली बसले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते कशाचं होतं याबद्दल त्यांनी नंतर श्रुतिकालाही काही सांगितलं नाही. त्यांनी वही पुढे ओढली आणि आपल्या सुंदर, वळणदार अक्षरात इतिवृत्ताची शेवटची ओळ लिहिली, अध्यक्ष सांगतील तशी, शब्द न शब्द.

"सभेच्या अखेरीस चिटणिसांनी प्रकृतीच्या कारणाने काही असंबद्ध विधान केले. ते कामकाजातून वगळण्यात आले. चिटणिसांनी पहिल्या दिवशी संध्याकाळी आपल्या दारात हजर राहावे, कसूर केल्यास मंडळ गंभीर दखल घेईल."